तेरावा क्रमांक

क्रीडाविषयक बातम्या वाचताना आपली दृष्टी सहसा पहिल्या तीन नावांच्या पुढे जात नाही. सुवर्ण, रौप्य आणि कांस्य एवढे पाहिले की आपले वाचन संपते. चौथ्या खेळाडूविषयी आपण क्षणभर हळहळतो. त्यापुढच्यांची तर गणतीच करीत नाही. आज ज्या मराठी खेळाडूविषयी मी आपणांपुढे चार शब्द बोलणार आहे, त्यांचा ऑलिंपिकमधील क्रमांक तेरावा होता. 2016 सालच्या ऑगस्ट महिन्यात ब्राझील देशातील रिओ दि जानेरो येथे हे सामने झाले. भारताला त्यांत दोन पदके मिळाली. पी. व्ही. सिंधू यांना बॅडमिंटनमध्ये रौप्य आणि साक्षी मलिक यांना कुस्तीत कांस्य. ह्या दोघींचा गौरव साऱ्या देशाने केला, आणि तो यथायोग्यच होता. परंतु त्याच नगरातील एका खाऱ्या सरोवरावर, नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यातील तळेगाव रोही ह्या गावचे दत्तू बबन भोकनळ एकटेच एका अरुंद नावेत बसून वल्ही मारीत होते. त्यांच्या तेराव्या क्रमांकाचा अर्थ कोणता, आणि तो आपण कसा वाचावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम ह्या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. कारण आपल्याकडे नाव म्हटली की पैलतीर गाठण्याचे साधन एवढेच चित्र डोळ्यांपुढे येते. नौकांच्या शर्यतींचे ऑलिंपिकमध्ये दोन निराळे प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात खेळाडू तोंड पुढे करून नाव हाकतो. ह्यात जी कनू नावाची होडी असते, तिच्यात तो एका गुडघ्यावर टेकतो, हाती एकच वल्हे घेतो आणि ते एकाच बाजूने मारीत जातो. त्या होडीला सुकाणू नसते. वेग देणे आणि दिशा सांभाळणे ही दोन्ही कामे त्या एका वल्ह्यानेच करावयाची असतात. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे ज्याला रोइंग म्हणतात त्यात, खेळाडू दोन्ही हातांत दोन वल्ही धरून सरकत्या आसनावर बसतो. पाय समोरच्या फळीला बांधलेले असतात, आणि नावेला मिळणारा जोर हातांपेक्षा पायांचाच अधिक असतो. एकट्याची ही नाव सुमारे आठ मीटर लांब, पण रुंदीला फुटाहूनही कमी असते. तिचे वजन अवघे चौदा किलो. दोन्ही वल्ही पाण्यावर पसरलेली आहेत तोवरच तिचा तोल राहतो. हात सुटले की नाव उलटते. शर्यत दोन हजार मीटरांची. तेवढ्या अंतरात खेळाडूला सुमारे सव्वादोनशे ते अडीचशे वेळा वल्ही ओढावी लागतात.

ह्या दुसऱ्या प्रकारात आणखी एक विशेष आहे. तो ध्यानात ठेवावा अशी माझी विनंती आहे, कारण पुढे आपणांस त्याचा उपयोग होणार आहे. रोइंगमधील खेळाडू पाठमोरा बसतो. नाव जिकडे चालली आहे तिकडे त्याची पाठ असते. शेवटची रेषा त्याला दिसत नाही. दिसते ती जेथून आपण निघालो ती जागा, आणि मागे पडत चाललेले पाणी.

तोंड पुढे करून हाकण्याच्या पहिल्या प्रकारात ज्या देशांनी नाव मिळविले, त्यांत बल्गेरिया हा एक लहानसा देश आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याची लोकसंख्या नव्वद लाखांच्याही आत होती. तरीही 1980 साली मॉस्को येथे ल्युबोमिर ल्युबेनोव्ह ह्यांनी हजार मीटरांच्या शर्यतीत सुवर्ण आणि पाचशे मीटरांच्या शर्यतीत रौप्य मिळविले. 1988 साली सोल येथे वान्या गेशेवा ह्या महिलेने कयाक नावेच्या पाचशे मीटरांत सुवर्णपदक घेतले, आणि त्याच सामन्यांत निकोलाय बुखालोव ह्या तरुणाने कांस्यपदक मिळविले. चार वर्षांनी, 1992 साली, बार्सिलोना येथे ह्याच बुखालोव ह्यांनी पाचशे आणि हजार अशा दोन्ही अंतरांची सुवर्णपदके एकट्याने जिंकली. कनूच्या खेळात त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते.

बुखालोव ह्यांचा पराक्रम त्यांचा स्वतःचा, ह्यात शंका नाही. परंतु त्यांच्या आधी गेशेवा होत्या, आणि गेशेवांच्या आधी ल्युबेनोव्ह होते. अशा ठिकाणी मुलाला होडीत पहिल्यांदा बसविणारा शिक्षक भेटतो, सरावाला पाणी मिळते, आणि ह्या वाटेने गेलेला माणूस विजयी होऊन परतलेला त्याने पाहिलेला असतो. विजेता एकटा दिसतो खरा. पण त्याच्या मागे अशी एक साखळी असते. ही साखळी मनात ठेवून आता आपण तळेगाव रोहीकडे वळू.

चांदवड तालुका हा नाशिक जिल्ह्याचा अवर्षणाने गांजलेला भाग. पाऊस बेताचा, शेती कांद्याची, आणि उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणे हे तिकडच्या गावांच्या अंगवळणी पडलेले दुःख आहे. दत्तू भोकनळ ह्यांचा जन्म 5 एप्रिल 1991 रोजी तेथल्या एका गरीब कुटुंबात झाला. वडील विहिरी खोदण्याच्या कामावर मजुरी करीत. मुलगाही हाताशी येताच त्यांच्याबरोबर विहिरीत उतरू लागला. दगड फोडावा, गाळ उपसावा, आणि पाण्याचा पाझर कोठे लागतो ते पाहावे, असे ते काम. पुढे ह्या तरुणाने लग्नाच्या पंगतीत वाढप्याचे काम केले, कांद्याच्या शेतात मजुरी केली, रात्रपाळीने पेट्रोल पंपावरही काम केले. 2011 साली वडील वारले, आणि थोरला मुलगा म्हणून घराचा भार त्यांच्या खांद्यांवर आला.

श्रोतेहो, येथवरच्या हकीगतीत कोठेही नाव नाही, वल्हे नाही, तलाव नाही, शर्यत तर नाहीच. पाणी आहे, पण तेही जमिनीच्या पोटात दडलेले. बल्गेरियातील ज्या साखळीचा मी उल्लेख केला तिचा एकही दुवा ह्या गावात नव्हता. 2012 साली दत्तू सैन्यात भरती झाले, ते खेळाडू व्हावे म्हणून नव्हे, तर नियमित पगाराची नोकरी मिळावी म्हणून. पुण्याजवळ खडकी येथे बॉम्बे इंजिनिअर ग्रुप ह्या सैन्यदलाच्या अभियंता तुकडीचे केंद्र आहे, तेथे त्यांची नेमणूक झाली. त्यांची उंची आणि लांब हातपाय तेथील प्रशिक्षक कुदरत अली ह्यांच्या नजरेत भरले, आणि हा जवान वल्ह्यांच्या योग्य आहे असे त्यांना वाटले. ज्याला असे वाटले नाही तो स्वतः दत्तूच. त्यांना पाण्याची भीती वाटे. दुष्काळी गावच्या मुलाला खोल पाण्यावर बसण्याचा प्रसंग कधी आलाच नव्हता, मग भीती न वाटावी हेच नवल झाले असते.

ती भीती कशी गेली, ह्याचे उत्तर कोणत्याही चमत्कारात नाही. ती रोजच्या सरावाने गेली. पुण्यात सैन्याच्या नौकानयन केंद्रात, म्हणजे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंगच्या आवारात, ह्या खेळासाठी मुद्दाम तयार केलेला जलमार्ग आहे. 2013 सालापासून दत्तू तेथे शिकू लागले. सकाळी वल्ही, दुपारी व्यायाम, सायंकाळी पुन्हा वल्ही. ज्या अंगाने विहिरीतला दगड वर ओढला त्या अंगाला कष्ट नवे नव्हते. नवी होती ती त्या कष्टांना लागलेली शिस्त, पोटभर आहार आणि जाणत्या माणसाची देखरेख. 2014 सालच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना दोन सुवर्णपदके मिळाली. 2015 साली चीनमध्ये झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी एकेरी नावेच्या शर्यतीत रौप्यपदक घेतले. हाती वल्हे धरल्यापासून अवघ्या तीन वर्षांतली ही मजल होय.

मग 2016 साल उजाडले. ऑलिंपिकची पात्रता ठरविणारी स्पर्धा एप्रिलमध्ये दक्षिण कोरियातील चुंगजू येथे व्हावयाची होती. त्यापूर्वी थोडेच दिवस त्यांच्या आईला अपघात झाला. डोक्याला जबर मार बसला आणि स्मृती गेली. पोटचा मुलगा समोर उभा राहिला तरी ओळख पटेना. घरात वडील नाहीत, आई अशी अंथरुणावर, आणि परदेशी जाण्याचा दिवस जवळ आलेला. अशा वेळी माणसाचे मन कोठे असते, हे ज्यांच्या घरी आजारपण आले आहे त्यांना सांगावयास नको. दत्तू कोरियाला गेले. तेथे ते दुसरे आले आणि ऑलिंपिकला पात्र ठरले. रिओ येथे नौकानयनात भारताचा एकच खेळाडू होता, तो हा.

रिओमधील शर्यती लागोआ नावाच्या सरोवरावर झाल्या. पहिल्याच दिवशी, 6 ऑगस्ट रोजी, वाऱ्याने पाणी इतके उसळले की सर्बियाची एक जोडी नावेसह उलटली. दुसऱ्या दिवशीच्या शर्यती तर रद्दच कराव्या लागल्या. अशा पाण्यात आपल्या गटात तिसरे येऊन दत्तूंनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. तेथे प्रत्येक शर्यतीतील पहिल्या तिघांनाच पदकाच्या वाटेवर पुढे जाता येत होते. दत्तू चौथे आले.

येथे बहुतेकांची बातमी संपते. परंतु ह्या खेळाचा नियम असा आहे की हरलेल्यालाही पुढे शर्यत करावीच लागते. एकेरी नावेच्या त्या स्पर्धेत निरनिराळ्या देशांचे बत्तीस खेळाडू होते. पहिले सहा क्रमांक पहिल्या अंतिम शर्यतीत ठरतात, सात ते बारा दुसरीत आणि तेरा ते अठरा तिसरीत. म्हणजे उपांत्यपूर्व फेरीत मागे पडलेल्या खेळाडूला जास्तीत जास्त तेराव्या क्रमांकाची आशा करता येते. पदक नाही, पारितोषिक नाही. शर्यत मात्र तीच, दोन हजार मीटरांची. 13 ऑगस्ट रोजी दत्तूंनी ही तिसरी अंतिम शर्यत 6 मिनिटे 54.96 सेकंदांत जिंकली. जिंकण्यासारखे जे काही उरले होते, ते त्यांनी जिंकून घेतले. तेरावा क्रमांक म्हणजे हा.

त्याच दिवशी सुवर्णपदकाची शर्यत झाली. न्यूझीलंडचे माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचे दामिर मार्टिन ह्या दोघांची वेळ अगदी एकच भरली, 6 मिनिटे 41.34 सेकंद. छायाचित्र पाहून ड्रायस्डेल ह्यांना विजयी ठरविण्यात आले. तेव्हा पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकामधील अंतर घड्याळाला दिसले नाही, आणि पहिल्या व तेराव्यांच्या वेळांमध्ये अंतर होते सुमारे साडेतेरा सेकंदांचे. शर्यती दोन निराळ्या होत्या, त्यामुळे ही तुलना काटेकोर नव्हे. पण अंदाजापुरती पुरेशी आहे.

हे सांगताना मी साडेतेरा सेकंदांना क्षुल्लक म्हणत नाही. ऑलिंपिकच्या पाण्यावर साडेतेरा सेकंद म्हणजे फार मोठे अंतर, आणि खेळात क्रमांक हा खरा असतो. पहिला तो पहिलाच. हरलेल्याला जिंकला असे म्हणणे ही त्याची समजूत काढणे झाले, सन्मान नव्हे. माझे म्हणणे इतकेच आहे की क्रमांक एका प्रश्नाचे उत्तर देतो. सर्व प्रश्नांचे देत नाही. शेवटच्या रेषेपाशी कोण आधी पोहोचला, हे क्रमांक सांगतो. कोण कोठून निघाला, हे तो सांगत नाही. आणि ज्या खेळात माणूस पाठमोरा बसून आपली निघण्याची जागाच सतत पाहत असतो, त्या खेळाने तरी हा दुसरा प्रश्न आपणांस विचारावयास लावावा.

तो विचारला म्हणजे आणखीही एक गोष्ट दिसते. एकेरी नावेच्या ह्याच शर्यतीत 2008 साली बीजिंग येथे राजस्थानचे बजरंगलाल ताखर एकविसावे आले होते. पुढे 2010 साली ग्वांगझू येथील आशियाई खेळांत ह्याच ताखर ह्यांनी भारताला नौकानयनातले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. 2012 साली लंडन येथे पंजाबचे स्वर्णसिंग सोळावे आले. आणि 2016 साली दत्तू भोकनळ तेरावे. एकवीस, सोळा, तेरा. तिघेही सैन्यातले जवान. बल्गेरियात जी साखळी आपण पाहिली, तिचे हे आपल्याकडचे पहिले दुवे नव्हेत काय? ताखर ह्यांच्या एकविसाव्या क्रमांकावाचून स्वर्णसिंगांचा सोळावा कळत नाही, आणि त्या दोन्हींवाचून दत्तूंचा तेरावा कळत नाही. पदकांचा तक्ता ह्यातले काहीच नोंदवीत नाही.

पुढची हकीगत सरळ नाही, पण ती सांगितलीच पाहिजे. 2018 साली इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. नौकानयनाच्या शर्यती पालेमबांग येथे होत्या. 23 ऑगस्ट रोजी एकेरी नावेच्या अंतिम शर्यतीत दत्तू सर्वांच्या मागे, सहावे आले. प्रकृती बिघडली होती असे त्यांचे म्हणणे होते. दुसऱ्याच दिवशी, 24 ऑगस्टला, चौघांच्या नावेची शर्यत होती. स्वर्णसिंग, ओमप्रकाश, सुखमीतसिंग आणि दत्तू भोकनळ असे चौघे, आठ वल्ही आणि एक नाव. अशा नावेत एकाचे वल्हे क्षणभर उशिरा पडले तरी उरलेल्या तिघांचे बळ वाया जाते. काल शेवटचा आलेला माणूस आज त्या नावेत बसला, आणि भारताने 6 मिनिटे 17.13 सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. यजमान इंडोनेशिया दुसरा आला आणि थायलंड तिसरा.

चोवीस तासांच्या आत शेवटचा क्रमांक आणि पहिला क्रमांक. जर क्रमांक हेच माणसाचे मोल असते, तर ह्या एका दिवसात त्याचे मोल इतके बदलले असे म्हणावे लागेल. ते कोणाही समंजस माणसास पटणार नाही. नावेतला माणूस तोच होता.

एकेरी शर्यत मुद्दाम अर्धवट सोडली असा ठपका ठेवून मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय महासंघाने दत्तूंवर दोन वर्षांची बंदी घातली. जानेवारी 2020 मध्ये ती उठविण्यात आली, आणि त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना अर्जुन पुरस्कार जाहीर केला. ऑलिंपिकला पुन्हा जाणे मात्र त्यांना साधले नाही. टोकियो येथे 2021 साली भारताची जोडनाव अकरावी आली. 2024 साली पॅरिस येथे एकेरी नावेत बलराज पनवार तेविसावे आले. साखळी म्हणजे काही शिडी नव्हे, की प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या वरच असावी. ती कधी पुढे जाते, कधी मागे येते. तुटू न देणे एवढे आपल्या हाती असते.

हे सारे मी आदिलाबादच्या श्रोत्यांना कशासाठी सांगत आहे, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे. दत्तूंच्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरी जी गोदावरी उगम पावते, तीच बासरपाशी आपल्या तेलंगणात येते. आणि 2016 साली जिल्ह्याची विभागणी होईपर्यंत बासर आपल्याच जिल्ह्यात होते. उत्तरेला पैनगंगा ही आपली आणि महाराष्ट्राची सीमा. कुंटाल्याचा धबधबा पावसाळ्यात दुरून ऐकू येतो. तरीही आपल्या कित्येक गावांना आणि गुड्यांना उन्हाळ्यात पाण्यासाठी पायपीट करावी लागते. केसलापूरच्या नागोबासाठी मेस्राम कुळातील गोंड बांधव दरवर्षी गोदावरीचे जल पायी चालत जाऊन आणतात. पाण्याचे मोल काय, आणि ते किती पावले चालून मिळते, हे ह्या जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. तळेगाव रोहीचा माणूस आपणांस परका नाही.

आपली मुलेही त्यांना परकी नाहीत. मी शिक्षकाचे काम करतो. कापूस वेचणीच्या दिवसांत वर्गातली कोणती बाके रिकामी राहणार, हे मला आधीच ठाऊक असते. घरी मराठी किंवा गोंडी, बाजारात आणि कचेरीत तेलुगू, पुढे कॉलेजात इंग्रजी, अशा भाषांच्या चढणी चढत ही मुले परीक्षेच्या दारापर्यंत येतात. मग निकाल लागतो. निकालात एक आकडा असतो, आणि शेजारीपाजारी, नातेवाईक, कधी आईबापही, त्या आकड्यावरून मुलाचे मोल ठरवून मोकळे होतात. त्या मुलाने ज्या दिवशी शाळेत पाऊल टाकले त्या दिवशी घरात एक तरी पुस्तक होते काय, हे कोणी विचारीत नाही.

ह्या गोष्टीचा शेवट किती भयंकर होऊ शकतो, हे आपल्या राज्याने पाहिले आहे. 2019 सालच्या एप्रिल महिन्यात इंटरमीडिएटचा निकाल लागला, आणि त्यानंतरच्या काही दिवसांत वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी आपले जीवन संपविले. निकाल तयार करण्याच्या कामातच दोष राहिले होते, हे पुढे चौकशीत दिसून आले. परंतु आकडे अचूक असते तरी काय? बरोबर लागलेल्या निकालासाठीही कोणत्याही मुलाने जीव देऊ नये. ज्या मुलांना आपण लहानपणापासून एवढेच शिकवितो की शेवटच्या रेषेपलीकडे आयुष्य आहे आणि अलीकडे काहीच नाही, त्यांना मागे वळून आपण किती अंतर काटले हे पाहण्याची सवय कशी लागावी?

ह्यावर उपाय मोठ्या खर्चाचा नाही. जून महिन्यात मूल वर्गात आले की त्याला काय येते, ते एका वहीत लिहून ठेवावे. कोणता धडा ते अडखळत वाचते, कोणत्या हिशोबापाशी थांबते, एवढे पुरे. एप्रिलमध्ये तीच वही उघडून त्याच्यापुढे ठेवावी. प्रगतिपुस्तकातील क्रमांक राहू द्यावा, तो खोटा नाही. पण त्याच्या शेजारी हे दुसरे मोजमापही मुलाच्या हाती द्यावे. पालकांनीही निकालाच्या दिवशी आधी हेच विचारावे, की गेल्या वर्षी येत नव्हते असे यंदा काय येऊ लागले. असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरातले मूल नापास झाले तरी एकटे पडत नाही.

आणि दुसरे असे, की दत्तूंच्या यशाचे सारे श्रेय त्यांच्या जिद्दीला देऊन आपण आपली सुटका करून घेऊ नये. जिद्द त्यांच्यापाशी विहिरीच्या तळाशीही होतीच. वाढप्याचे काम करतानाही होती. पण एका प्रशिक्षकाची नजर, एक नाव, एक जलमार्ग आणि दोन वेळचे पोटभर अन्न ह्यांची तिला जोड मिळाली, तेव्हा ती रिओपर्यंत पोहोचली. तशीच जिद्द असलेले दुसरे किती तरुण त्या काळी त्याच तालुक्यात विहिरी खोदत राहिले असतील! त्यांचा क्रमांक कोणताच नाही, कारण त्यांना शर्यतीच्या आरंभापाशी कोणी नेलेच नाही. आपल्या गावातील तरुणांविषयी विचार करताना, त्यांच्यात जिद्द आहे की नाही हे विचारण्यापूर्वी, आपण त्यांच्यासाठी कोणती नाव पाण्यात उतरविली आहे, हे विचारलेले बरे.

तेरावा क्रमांक हा पदकाच्या तक्त्यात कोठेही लिहिलेला नाही. पण टँकरची वाट पाहणाऱ्या एका गावापासून लागोआच्या सरोवरापर्यंतचे अंतर जर कोणी मोजले, तर त्या दिवशी तेथे जमलेल्या बत्तीस खेळाडूंत इतक्या लांबून आलेले थोडेच निघतील. आपल्या घरात, आपल्या वर्गात असे एखादे मूल कदाचित आजही असेल, आणि त्याचा क्रमांक बराच मागचा असेल. त्याला विचारा, बाळा, तू कोठून निघाला होतास? आणि त्याचे उत्तर पुरते ऐकून घ्या.